माळ्यावरच्या फळ्या सागवान नव्हत्याच!

बाबांनी कधीतरी चिरून ठेवलेल्या फळ्या आमच्या माळ्यावर वर्षानुवर्षं पडून होत्या आणि घरात सगळे त्याला सागवानच म्हणायचे. यंदा किचनची दारं बदलायची म्हणून सुताराला बोलावलं तर त्याने एक फळी एका हाताने उचलली, उजेडात धरली नि म्हणाला, "ह्यां सागवान नाय हो, शिवण आसा."

शिवण म्हणजे शिवणीच्या झाडाचं लाकूड. मला जरा वाईटच वाटलं, खोटं कशाला बोलू. मग म्हटलं खात्री करूया. एका जाड तुकड्यातून बरोबर १० बाय १० बाय १० सेंमीचा ठोकळा काढून घेतला आणि आईच्या किचनच्या वजनकाट्यावर ठेवला, ४८० ग्रॅम! हा ठोकळा म्हणजे एक लिटर, सुकं सागवान असतं तर साडेसहाशेच्या आसपास भरलं असतं. शिवण साधारण ४०० ते ५०० मध्ये बसतं. रंगही बघा, सागवान सोनेरी तपकिरी, हात फिरवला की किंचित तेलकट लागतं आणि रंधा मारला की चामड्यासारखा वास येतो. हे फिकट पिवळं, चकाकणारं, वास जवळजवळ नाहीच. फळीचं टोक घासून पाहिलं तर सागवानाची वर्षाची वलयं जशी ठळक दिसतात तशी यात दिसेनात. आणि गंमत म्हणजे दोन्ही झाडं एकाच कुळातली, तुळशीच्या!

हे सगळं झाल्यावर आई शांतपणे म्हणते, विहिरीमागे शिवणीचं झाड होतंच की, पिवळी फळं पडायची नि गुरं खायची. आधी सांगायचं ना गं!

पण लाकूड चांगलं निघालं. एकदा नीट सुकलं की फारसं वाकत नाही, तडकत नाही, म्हणून दारांच्या पॅनलला मस्त. फक्त लाकडाच्या तंतूंच्या रेषा आलटून पालटून उलट्या जातात त्यामुळे रंधा बोथट असेल तर तंतू उपटले जातात, सुताराने दोनदा पात्याला धार लावली आणि तिसऱ्यांदा माझ्याकडे बघून चहा मागितला. पॉलिश छान बसतं. सतत पावसात भिजणाऱ्या जागी मात्र मी लावणार नाही, तिथे सागवानच.

आणि हो, पॉलिश मारलेलं शिवण सागवान म्हणून कोणी विकायला आणलं तर आधी उचलून बघा. आमचा ठोकळा अजून ओट्यावर आहे, आई त्यावर गरम टोप ठेवते.