साडेसात किलो

माझं वजन नऊ महिन्यांत साडेसात किलो वाढलं, आणि तो हिशेब आमच्या आळीत सगळ्यांना तोंडपाठ होता. मोठ्या जाऊबाईंचं १३ किलो वाढलं होतं. त्यामुळे सातव्या महिन्यात ओटी भरायला आलेली प्रत्येक बाई माझ्या पोटाकडे बघून म्हणायची, “अगं, बाळ बारीक राहील हं!”

आई डिंकाचे लाडू डबा भरून पाठवायची: दोन जिवांचं खा. आजेसासूबाईंचं उलटंच. “फार खाऊ नको, पोर अंगानं मोठं झालं तर सुटका अवघड.” मी दोघींना ‘हो’ म्हणायचे आणि लाडू नवऱ्याला द्यायचे.

दवाखान्यातला काटा दारातच, पायऱ्यांना लागून. त्यावरचं काळं रबर एका कोपऱ्यात उचकटलेलं. चपला, पर्स, हातातली फाईल, सगळ्यासकट उभं राहायचं, आकडा कार्डावर. एकदा आठ दिवसांत २ किलो वाढले. सासूबाई खूश. डॉक्टरीणबाई मात्र लाडवांबद्दल बोलल्याच नाहीत; त्यांनी पावलावर अंगठा दाबून खड्डा पडतो का पाहिलं, लगेच बीपी घेतलं, लघवी तपासायला दिली. वजन असं अचानक चढलं तर ते बहुतेक अंगावर धरलेलं पाणी असतं, बाळ नव्हे. बीपी ठीक निघालं. अंगठी तेवढी साबण लावून काढावी लागली.

त्याच दिवशी मी विचारलं, “जाऊबाईंचं १३, माझं इतकं कमी कसं?” त्यांनी आधी माझं दिवस राहण्यापूर्वीचं वजन विचारलं. ६६ किलो, उंची पाच फूट दोन इंच. जाऊबाई तेव्हा ४३ किलोच्या, माझ्यापेक्षा इंचभर बुटक्या. अमेरिकेतल्या २००९ च्या मार्गदर्शक आकड्यांत माझ्यासारखीला ७ ते ११.५ किलो पुरतात, त्यांच्यासारख्या किरकोळ बाईनं १२.५ ते १८ वाढवायचे असतात. म्हणजे दोघीही रेषेतच होतो, माझी रेषा वेगळी होती एवढंच. बारीक बाईचं वजन वाढलं नाही तर बाळ लहान राहण्याची भीती जास्त. माझ्यासारखीचं भरमसाट वाढलं तर बाळ थोराड होण्याची. रक्तातली साखर वाढली तर तेही होतंच, काट्यावर काहीही दिसो. साखर तपासायला ग्लुकोजचं ते गोडमिट्ट पाणी उगीच पाजत नाहीत.

घरी येऊन मी बेरीज मांडली. बाळ ३, वार अर्धा-पाऊण, गर्भजल पाऊण-एक, गर्भपिशवी एक, वाढलेलं रक्त दीडेक. झाले की सात! लाडवांना जागाच उरली नाही.

पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या मंडळींनी केलेला अभ्यास मला फार आवडतो. बाया साधारण ४२ किलोच्या, शेतात राबणाऱ्या, बाळं सरासरी २.७ किलोची. पोटात किती उष्मांक गेले याच्याशी बाळाच्या मापाचा फारसा मेळ बसला नाही. पालेभाज्या, फळं, दूध वरचेवर खाणाऱ्या बायांची बाळं मात्र मोठी होती. आणखी एक निघालं: ही बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा लहान, हातापायांनी काटकुळी, पण अंगावरची चरबी त्या मानानं राखून असलेली. तेव्हा नुसत्या वजनावरून बाळ ‘बाळसेदार’ ठरवणाऱ्या काकूंना मी आता गप्प करू शकते. (करत नाही. शेजार आहे.)

माझी मुलगी ३.१ किलोची झाली. जाऊबाईंचा मुलगा २.६ होता, आज तो पाचवीत आहे आणि मला उचलून दाखवतो म्हणतो.

तिसऱ्या दिवशी घरी जाताना मी सवयीनं काट्यावर चढले. पाच किलो गायब. शेजारून जाणारी सिस्टर थांबली, खाली बघितलं आणि म्हणाली, “ताई, चपला काढायच्या असतात.”