बॉयलर बदलायचा, पण केवढा घ्यायचा?

आमच्या इंग्लंडमधल्या रेडिंगच्या घरातला कॉम्बी बॉयलर यंदा बदलला. "म्हणजे गॅस गीझरच ना?" आईने फोनवर विचारलं. निम्मं बरोबर आहे. टाकी नाही, नळ सोडला की बर्नर पेटतो आणि लागेल तेवढंच पाणी तापतं. पण हाच डबा हिवाळ्यात घरातले सगळे रेडिएटरही, म्हणजे गरम पाणी फिरवून खोल्या उबदार ठेवणारी भिंतीवरची पॅनेलं, तापवतो. शिवाय जळायला लागणारी हवा तो बाहेरून घेतो आणि धूरही बाहेरच सोडतो. बंद न्हाणीघरातल्या गॅस गीझरमुळे गुदमरून माणसं दगावल्याच्या बातम्या आपल्याकडे वाचायची सवय असल्याने ही गोष्ट आईला आधी सांगावी लागली. एवढं असूनही इंग्लंडमध्ये 2022 पासून नवा बॉयलर बसवताना कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावणं बंधनकारक आहे.

खरी गंमत किलोवॅटची. कोटेशन द्यायला आलेल्यांपैकी एकाने घरात पाऊल टाकताच 35 किलोवॅटचा सुचवला. "चार माणसं आहात, मोठाच घ्या." पण तीन बेडरूमचं नीट इन्सुलेशन केलेलं साधं सेमी-डिटॅच्ड, म्हणजे एक भिंत शेजाऱ्याशी सामाईक असलेलं, घर कडाक्याच्या थंडीतही सहा ते आठ किलोवॅटमध्ये उबदार राहतं. जाहिरातीतला मोठा आकडा असतो तो नळाच्या पाण्याचा. जानेवारीत मेन लाइनचं पाणी पाच अंशांच्या आसपास येतं, ते अंघोळीजोगं करायला पस्तीस अंशांनी तापवावं लागतं. तेवढं तापवून 24 किलोवॅटचा बॉयलर मिनिटाला साधारण 10 लिटर देतो, 30 चा 12, 35 चा 14. म्हणजे वीस लिटरची बादली दोन मिनिटांत भरते, आणि माझ्यासारख्या बादलीवाल्याला याहून काय हवं?

त्यात मुळात मेन लाइनलाच तेवढं पाणी हवं. स्वयंपाकघरातला थंड पाण्याचा नळ पूर्ण सोडून बादलीत मिनिटभरात किती पाणी जमतं ते मोजा. अकरा लिटर आलं, तर 35 किलोवॅटचा बॉयलर आणून उरलेले तीन लिटर कुठून येणार? दोन बाथरूम एकाच वेळी चालवायच्या असतील, तर कॉम्बीचा नाद सोडून सिलिंडरवाली, म्हणजे गरम पाणी टाकीत साठवणारी, व्यवस्था बघावी. आमच्याकडे बाथरूम एकच, त्यामुळे सकाळचं भांडण कुठल्याही बॉयलरने मिटणार नव्हतं.

मी सगळ्यांना उलटा प्रश्न विचारला: हा कमीत कमी कितीवर चालतो? ऑक्टोबरात घराला दोन-तीन किलोवॅट पुरतात. बॉयलर आठच्या खाली उतरतच नसेल, तर तो सारखा पेटत-विझत राहतो; गॅस वाया जातो आणि यंत्रही झिजतं. याचं उत्तर तोंडपाठ असलेला इन्स्टॉलर एकच भेटला. काम त्यालाच दिलं, 30 किलोवॅटचं, तीनपर्यंत उतरणारं मॉडेल.

दुसरी गोष्ट तापमानाची. 2005 पासून इथे बसतात ते जवळपास सगळे बॉयलर कंडेन्सिंग, म्हणजे धुरातली वाफ थंड करून तिचीही उष्णता वापरणारे. पण रेडिएटरमधून परतणारं पाणी 55 अंशांच्या खाली असेल तरच हे नीट घडतं. बरेचजण बॉयलर 75 वर ठेवून निघून जातात. आमचा 55 वर आहे. रेडिएटर हाताला चटका देत नाहीत, घर मात्र व्यवस्थित तापतं.

रेडिंगचं पाणी खडूच्या खडकांतून येतं, त्यामुळे क्षार भरपूर. आत क्षारांचे थर साचू नयेत म्हणून थंड पाण्याच्या पाइपवर स्केल रिड्यूसर लावला, आणि रेडिएटरमधला लोखंडी गाळ पकडायला चुंबकाचा फिल्टर. जुनी यंत्रणा आतून धुऊन घेतली नाही, तर तोच गाळ नव्या बॉयलरमध्ये जातो आणि कंपनी वॉरंटी नाकारू शकते.

हीट पंपाचा, म्हणजे बाहेरची उष्णता विजेच्या मदतीने घरात आणणाऱ्या यंत्राचा, विचार केला होता. इंग्लंड आणि वेल्समध्ये त्याला 7,500 पौंडांचं अनुदान मिळतं. पण त्याला गरम पाण्याचा सिलिंडर लागतो, आणि तो ठेवायच्या कपाटात सध्या दिवाळीचे कंदील आणि पाहुण्यांच्या गाद्या आहेत.

बॉयलर बसवणारा गॅस सेफ रजिस्टरमध्ये, म्हणजे गॅसची कामं करणाऱ्यांच्या अधिकृत यादीत, नोंदलेला असणं कायद्यानेच सक्तीचं आहे. त्याचं कार्ड उलटून मागची बाजूही बघावी, कारण कुठली कामं करायची त्याला मुभा आहे ते तिथे लिहिलेलं असतं.