आमची वाटचाल : तेरड्याच्या परीपासून

साताऱ्यात वडिलांचं छपाईचं ट्रेडल मशीन होतं. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, गणेश मंडळांचे अहवाल ही आमची रोजची कामं. मुलांची पुस्तकं काढायचं मनात आलं ते लेकीमुळे. पहिलीत असताना तिने परी काढली : पांढरा झगा, सोनेरी केस, हातात चांदणीची काठी. समोर खिडकीतून यवतेश्वरचा डोंगर दिसत होता. भाद्रपद होता, म्हणजे त्याच वाटेने पुढे कासचं पठार फुलांनी भरून गेलेलं. आपल्या डोंगरातली परी तिला ठाऊक नव्हती, कारण आम्ही कधी दाखवलीच नव्हती.

सिसिली मेरी बार्कर या इंग्लिश चित्रकर्तीच्या रानफुलांच्या पऱ्या मी पाहिल्या होत्या. तिचं पहिलं पुस्तक १९२३ सालचं. बहिणीच्या बालवाडीतली मुलं समोर उभी करून ती पऱ्या काढायची, आणि फूलही खरंच समोर ठेवायची. पाकळ्या, देठ, पानं, सगळं तंतोतंत. तिथून आम्ही एकच नियम घेतला : जे फूल पाहिलं नाही, त्याची परी काढायची नाही.

कविता लिहायला लेकीच्या शाळेतल्या बाई तयार झाल्या. चित्रकार मुलगी मूळची जावळी खोऱ्यातली, पावसात वाढलेली. पहिली कविता तेरड्याची झाली. आमच्याकडे गौरी येतात त्या तेरड्याच्या रोपांच्या रूपाने. म्हणून बाईंनी ही परी माहेरवाशीण केली. एक दिवस येण्याचा, एक जेवणाचा, एक निघण्याचा. तेरड्याचा रंग तीन दिवस. जाताना ती मुलांना पिकलेल्या शेंगा देते, हात लागताच फट्‌दिशी फुटणाऱ्या. शाळेत वाचून दाखवली तेव्हा मधल्या सुट्टीत अर्धा वर्ग कुंपणापाशी शेंगा फोडत होता.

सीतेची आसवं या रानफुलाने मात्र आम्हाला अडवलं. नाव ऐकून बाईंनी आधी रडणारी परी लिहिली. मग आम्ही पठारावर गेलो. कडेच्या ओल्या कातळावर पोटावर पडून चित्रकार मुलीने भिंगातून फूल पाहिलं, नखाएवढं, निळं-जांभळं. सोबत वनस्पतिशास्त्राचे एक निवृत्त सर होते. त्यांनी सांगितलं, या रोपाला मातीखाली बारीक पिशव्या असतात आणि त्या पाण्यातले सूक्ष्म जीव आत ओढून घेतात. बाईंनी तिथेच वहीचं पान फाडलं. नवी कविता अशी सुरू होते :

ओल्या ओल्या कातळावर निळी परी बसते,
मातीखाली पिशव्या लपवून वर खुदकन हसते.

मुलांना हीच परी सगळ्यात जास्त आवडते.

आमच्याकडे रंगीत छपाई नव्हती, ती बाहेर दिली. फर्मे, म्हणजे पुस्तकाची पानं छापलेले मोठे कागद, आले आणि पोटात गोळा आला. ही निळी परी वांग्याच्या रंगाची झाली होती. चार रंगांच्या छपाईत असा निळा सांभाळणं अवघड असतं. मशीनवर उभं राहून पहिला कागद तपासायला हवा होता, तो कुणी तपासला नाही. हजार प्रतींचा तो फर्मा रद्दीत गेला. मी सोन्याच्या दोन बांगड्या मोडल्या आणि तो पुन्हा छापला. तेव्हापासून प्रत्येक पुस्तकाच्या वेळी मी स्वतः मशीनपाशी उभी असते, रात्रपाळी असली तरी.

विक्री हळूहळू झाली. विक्रेत्यांचं कमिशन वजा केलं की हाती फार उरत नव्हतं, म्हणून शाळाशाळांत गेलो. पहिली आवृत्ती संपायला तीन वर्षं लागली.

टोपली कारवी सात वर्षांनी एकदा फुलते. पहिल्या पुस्तकाच्या वेळी ती फुलली नव्हती. नियम तर नियम. बाईंनी झोपलेल्या परीची कविता लिहिली आणि चित्रात आम्ही नुसतं गोल हिरवं झुडूप काढलं, टोपली पालथी घातल्यासारखं. मुलं पत्रातून विचारायची, ती उठली का? तिसरीतल्या एका मुलीने हिशेब करून कळवलं, ‘तेव्हा मी दहावीत असेन.’

ती उठली. आम्ही सगळे गेलो, चित्रकार मुलगी चार दिवस तिथेच राहिली. नव्या आवृत्तीत परीचे डोळे उघडे आहेत.

सध्या गवती दवबिंदू या चिकट थेंबांनी किडे पकडणाऱ्या रोपावर काम चाललंय. कविता तीनदा बदलून झाली, पण परीच्या केसांवरचे चिकट थेंब अजून मनासारखे उतरत नाहीत.