बंडू कुणाचा

कालपासून डोक्यातून जातच नाहीये म्हणून लिहून टाकते. हसायचं असेल तर हसा, मीही अधूनमधून हसतेच आहे.

काल दुपारी तीनला कपडे आत घ्यायला गेले (डिसेंबरात कपडे बाहेर घालायची हौस माझीच, वाळत काही नाहीत, नुसते गारठून परत येतात) तर कुंपणापलीकडून आजोबा म्हणाले, मेबल आज तीनदा येऊन गेली. मी विचारलं कोण मेबल. तर म्हणे आमची रॉबिन, रोज येते, बुटाशी येऊन उभी राहते, परवा तर हातावरचं खाल्लं.

हातावरचं!

मी अरे वा, किती छान वगैरे म्हटलं, कपडे गोळा केले, आत आले आणि ओट्याशी उभी राहिले तर घशात काहीतरी अडकल्यासारखं. एवढ्याशा पक्ष्यावरून. वजन किती त्याचं, तर जेमतेम अठरा-वीस ग्रॅम, आपल्या दोन लाडवांतला बेदाणा त्याहून जास्त भरेल.

पण तो रॉबिन म्हणजे बंडू, आमचा आहे ना. म्हणजे माझा. ऑक्टोबरपासून.

झालं असं की सप्टेंबरात लेकीला, म्हणजे बाईसाहेबांना, त्यांच्या खोलीवर सोडून आलो, कुकर, मसाल्याचा डबा, दोन गोधड्या सगळं देऊन, आणि मग घर असं काही मोठं झालं की विचारू नका. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे गेली आणि पावणेपाचलाच सूर्य मावळला. इतकी वर्षं झाली इंग्लंडात, रेडिंगला येऊन, पण तो पहिला सोमवार मला अजून झेपत नाही, चहा टाकायला उठावं तर बाहेर रात्र. तर त्या संध्याकाळी मागच्या अंगणात कोणीतरी गात होतं. अंधारात. बाकी सगळे पक्षी चिडीचूप, आणि हा एकटा गल्लीतल्या दिव्याजवळच्या झाडावर बसून अगदी बारीक, पाण्यासारखा आवाज काढत होता. मी दार उघडं टाकून ऐकत बसले, हीटिंग चालू असताना, नवऱ्याने आतून दोन हाका मारल्या तरी.

मग वाचलं तेव्हा कळलं की रॉबिन हिवाळाभर गातात. बाकीच्या बहुतेकांचं गाणं वसंतातलं, लग्नाबिग्नाचं, ह्याचं गाणं म्हणजे जागेचा सातबारा, इथपासून इथपर्यंत माझं, पाय ठेवायचा नाही. आणि थंडीत बायकोसुद्धा वेगळी राहते, तिचा वेगळा इलाका, तीही गाते, तीही नवऱ्याला हाकलते. हे नवऱ्याला वाचून दाखवलं तर म्हणाला, चांगली पद्धत आहे.

मला आपला चिपळूणचा दयाळ आठवला. उजाडायच्या आधी माडाच्या शेंड्यावर बसून शीळ घालायचा, शेपटी वर करून, आजी म्हणायची उठा आता, तो बघा उठला. त्याला इंग्रजीत मॅगपाय रॉबिन म्हणतात, म्हणजे नावाने तरी हे भाऊबंद. तेव्हा मला वाटलं की झालं, ओळख निघाली. आला आपल्याकडे. मी बोलावलं नव्हतं, आपणहून आला. (ह्या आपणहूनवरच सगळी गोम आहे, पुढे येईलच.)

मग सुरू झाली खरेदी. चॅरिटी शॉपमधून तीन पौंडाचा फीडर आणला, सोललेल्या सूर्यफुलाच्या बियांची पिशवी आणली, तर त्या लटकत्या फीडरवर सगळे टिट नावाचे चिमुकले पक्षी नि चिमण्या, आणि बंडू खाली जमिनीवर सांडलेलं वेचतोय. त्याला लोंबकळून खाणं जमत नाही म्हणे फारसं, जमिनीवरचा माणूस तो. म्हणून त्याला वेगळी वाटी ठेवली. स्टीलची, आईच्या लग्नातली, तिच्या नावाची नि तारखेची अक्षरं कोरलेली, आता पुसट झालीयेत. आणि हा मूर्ख वाटीत डोकावला, आतल्या चकचकीत बुडात त्याला दुसरी लाल छाती दिसली, आणि जे काही भांडण सुरू झालं म्हणता! टक टक टक, मागे सरायचा, छाती फुगवायचा, परत टक टक. दाणा एक खाल्ला नाही. शेवटी वाटी उचलली आणि आईस्क्रीमच्या डब्याचं झाकण ठेवलं, ते चाललं त्याला.

डेव्हिड लॅक म्हणून एक मास्तर होते, डेव्हनमधल्या डार्टिंग्टनच्या शाळेत शिकवता शिकवता त्यांनी 1930च्या दशकात चार वर्षं रॉबिनांच्या पायात रंगीत कड्या घालून त्यांचा अभ्यास केला. त्यांनी पेंढा भरलेला रॉबिन ठेवून पाहिला, तर जिवंत रॉबिनने त्याच्यावर हल्ला केला, आणि नंतर नुसता लाल पिसांचा पुंजका ठेवला तरी त्याच्याशीही भांडला. डोकं नाही, पाय नाहीत, नुसती लाल पिसं. हे वाचून नोव्हेंबरात मी खूप हसले होते. काल रात्री आठवलं तेव्हा तितकंसं नाही.

कारण माझंही काय वेगळं चाललंय. आजोबांचं नुसतं "आमची" ऐकलं आणि मी वाटीवर टकटक करायला लागले.

बरं, किड्यांचं सांगायचं राहिलं. रॉबिनला बियांपेक्षा किडे आवडतात, वाळवलेले मिळतात, मीलवर्म. आता आमच्याकडे अंड्याचा पॅनसुद्धा वेगळा, त्यात मी किडे कुठून आणू. पण त्याने दोन दिवस बियांकडे पाठ फिरवली तेव्हा मी कार्तिकी एकादशी होऊ दिली, चातुर्मास संपवला, आणि मग दुकानात जाऊन पाऊण किलोची पिशवी आणली. पिशवीवर लिहिलंय कोमट पाण्यात भिजवून द्या. म्हणजे मटकी भिजवावी तसे मी रोज रात्री मूठभर किडे भिजवते! ह्याने पहिल्या दिवशी पिशवीत डोकावून फार आशेने विचारलं, सुका जवळा आणलास? माझ्या घरात? त्याचा चेहरा पडला तो मला अजून दिसतोय.

आणि एवढं सगळं मी करायचं, आणि मेबल त्यांची.

काल रात्री फार वाईट वाटून घेतलं मी. म्हणजे अगदी यादीच काढली, आपण कुणाकुणासाठी काय काय केलं आणि कोण कोण कुठे निघून गेलं. बाईसाहेबांचा मागच्या रविवारी इथून गेल्यावर मेसेज आला होता, "पोचले घरी". घरी. मी त्यावर अंगठा पाठवला. असो. ते वेगळं आहे.

मुद्दा बंडूचा आहे.

आज सकाळी ख्रिसमसची कार्डं आणायला गेले. रॉबिनशिवाय कार्ड सापडणं मुश्कील आहे इथे, एक टोपी घातलेला, एक टपालपेटीवर बसलेला. व्हिक्टोरिया राणीच्या काळी इथले पोस्टमन लाल डगले घालायचे, लोक त्यांनाच रॉबिन म्हणायचे, कार्डं आणणारे म्हणून ते कार्डावर चढले ते अजून उतरले नाहीत. 2015मध्ये राष्ट्रीय पक्षी कोण व्हावा म्हणून दोन लाखांवर लोकांनी मतं दिली त्यातही हाच पहिला. म्हणजे अख्ख्या देशाने आमचा म्हटलंय ह्याला, मी कुठे कुठे भांडू.

तर तिथे एक लाकडी लटकन होतं, त्यावर लिहिलेलं, रॉबिन दिसला की समजा गेलेलं माणूस जवळपास आहे. मी ते हातात घेऊन उभीच राहिले. आपला पितृपक्षातला कावळा! आपण नैवेद्याचं पान ठेवून काव काव करत ज्याची वाट बघतो, तो इथे लाल छातीचा होऊन येतो. आणि मग एकदम पोटात धस्स झालं. मेबल. शेजारच्या आजींचं नाव काय? दहा वर्षं शेजारी राहून मला माहीत नाही, आणि आजी दिवाळीचा फराळ दिला त्यानंतर दिसलेल्याच नाहीत. म्हणजे मी ज्या मेबलवरून रात्रभर जळत होते ती...

कार्ड घेतलं, डब्यात चकल्या भरल्या, बेल वाजवली. पाय थरथरत होते, खोटं कशाला सांगू.

दार आजींनी उघडलं. टुणटुणीत. गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून महिनाभर घरातच होत्या. मी चकल्यांचा डबा पुढे केला आणि काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, मेबल कशी आहे. तर म्हणाल्या, अगं, मेबल आमची मांजर, उन्हाळ्यात गेली बिचारी. त्यानंतर पंधरा दिवसांनी हा पक्षी आला, तर ह्यांनी ठरवून टाकलं की तीच आहे.

मांजर! ती करडी, जाडी, जी माझ्या कोथिंबिरीच्या कुंडीत नेमाने घाण करून जायची! तिने जन्मभर किती रॉबिन खाल्ले असतील देव जाणे, आणि आता रॉबिन होऊन आली, आणि मी तिला किडे भिजवून घालतेय.

घरी येईपर्यंत मी रस्त्यातच हसत होते. (रस्ता म्हणजे काय, बारा पावलं.) ह्याला सांगितलं तर म्हणाला, म्हणजे ती आपल्याकडे सवयीनेच येते. खरंय की. कुंडीची वाट पाठ असणार.

तरी पूर्ण गेलेलं नाहीये मनातून, हेही खरं. हातावरचं खाल्लं हे अजून टोचतंच. मी विचारलं आजोबांना मागच्या दाराशी, कसं जमवलंत, तर म्हणाले काही नाही, खुर्ची टाकायची आणि बसून राहायचं. हालायचं नाही, बोलवायचं नाही. मी तर दार उघडून बंडू ये ये करत असते.

जानेवारीच्या शेवटी शेवटी पक्षी मोजायचे शुक्रवार ते रविवार असे तीन दिवस असतात, 1979पासून चाललंय, तासभर खिडकीशी बसायचं आणि एका वेळी जास्तीत जास्त किती दिसले ते लिहून पाठवायचं. आजोबा दर वर्षी करतात. ते एक लिहिणार, मीही एक लिहिणार, आणि बंडू-मेबल दोन्हीकडे हजेरी लावून जाणार. मी काही मोजणीवाल्यांना कळवायला जाणार नाही.

किडे पिशवीतून सांडत होते म्हणून दुपारी डब्यात भरले. कुरमुऱ्यांच्या डब्याशेजारी तसलाच डबा, त्याच मापाचा, त्याच निळ्या झाकणाचा. बाईसाहेब शुक्रवारी येतायत, दोन आठवडे आहेत, आणि आल्या की रात्री बारा वाजता अंधारात स्वयंपाकघरात जाऊन डबे उघडून मूठ भरायची सवय. चिकटपट्टी आणि मार्कर शोधते आधी.