तबलीखालची खादी

मिरजेत तंबोरा दुरुस्तीला आला की गिऱ्हाइकाची तक्रार बहुतेक वेळा एकच असते: जवारी, म्हणजे तारेचा भरीव झणकार, गेली. तारा ज्यावर टेकतात त्या घोडीच्या माथ्याला डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढा उतार असतो. तार त्या उतारावर टेकते आणि सुटते, आणि तार व घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा हळूहळू सरकवत नेला की एका नेमक्या जागी तंबोरा भरून बोलू लागतो. रोजच्या वाजवण्याने घोडीला तारेचे चर पडतात, उतार बिघडतो, आणि मग कानस व काचकागद घेऊन तो पुन्हा घडवावा लागतो. सतारमेकर गल्लीतल्या आमच्या कारखान्यात हे काम मी वडिलांकडून शिकलो आणि आता ते मुख्यतः माझ्याकडेच असते. गेल्या पावसाळ्यात कोकणातून एक जुना, काळी एकच्या सुराचा मोठा तंबोरा ‘जवारी काढून द्यावी’ एवढ्याच निरोपासह आला. त्याबद्दल लिहावेसे वाटते, कारण बिघाड जवारीत नव्हताच, आणि आत जे सापडले त्याचा अर्थ मला अजून पुरता लागलेला नाही.

तंबोरा आणणारा तरुण स्वतः गाणे शिकतो. वाद्य त्याच्या आजोबांचे होते आणि ते त्यांनी मिरजेतूनच नेले होते, एवढे घरात सर्वांना माहीत होते. कोणाच्या कारखान्यातून नेले, ते मात्र कोणी सांगू शकत नव्हते. आत चिठ्ठी नव्हती. पानांचे कोरीव काम, दांडी व भोपळा जोडणाऱ्या गळ्याची वळणे आणि भोपळ्याची बैठक पाहून काम मिरजेचे आहे हे मला कळले, पण हात कोणाचा ते ओळखता आले नाही. ज्या शिकलगार घराण्यांनी हत्यारांना धार लावण्याचे काम ओसरल्यावर एकोणिसाव्या शतकात, मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने, तंतुवाद्ये घडवायला घेतली, त्यांतल्या फरीदसाहेबांचे नाव आज सगळे घेतात. त्यांच्यानंतर या गल्लीत बसून आयुष्यभर काम केलेल्या कितीतरी माणसांची नावे मात्र त्यांच्या वाद्यांवर कुठेही नाहीत.

तारा चढवून मी तंबोरा सुरात लावला. पंचम ठीक होता, मधली जोडही ठीक होती. सर्वांत खालच्या सुराची, खर्जाची पितळी तार मात्र छेडताच फाटल्यासारखी वाजत होती आणि तिची आस, म्हणजे छेडल्यावर मागे रेंगाळणारा नाद, मध्येच तुटत होती. मधल्या काळात हे वाद्य एका मोठ्या शहरातल्या दुकानात दोनतीनदा जाऊन आले होते आणि प्रत्येक वेळी तिथे घोडीच घासली गेली होती. घोडी इतकी उतरली होती की तिच्यात आता घासायला काही उरले नव्हते. आमच्या धंद्यातला हा आळस मला मनापासून चीड आणतो. घोडीचे महत्त्व खरेच आहे. सी. व्ही. रामन यांनी गेल्या शतकाच्या विशीत तंबोऱ्याच्या आणि वीणेच्या घोडीचा अभ्यास केला आणि छेडण्याच्या जागेमुळे जे उपस्वर तारेत ऐकू यायला नकोत तेही या घोडीमुळे ऐकू येतात, असे दाखवून दिले. पण घोडी हवेत उभी नसते. ती भोपळ्याचे तोंड झाकणाऱ्या लाकडी तबलीवर उभी असते, तबली भोपळ्याच्या काठावर बसलेली असते, आणि या तिघांपैकी काय बिघडले आहे हे पाहिल्याशिवाय जो कानस उचलतो त्याला मी कारागीर मानत नाही.

मी खर्ज छेडला आणि घोडीच्या खर्जाकडच्या पायाजवळ अंगठ्याने तबली दाबून धरली. आस लगेच लांबली. अंगठा काढला की पुन्हा तुटली. मग बोटाच्या पेराने तबलीच्या कडेकडेने ठोकत गेलो. तीन बाजूंना आवाज भरीव आला, खर्जाच्या बाजूला साधारण वीतभर तो पोकळ होता. वरून पाहणाऱ्याला तिथे काहीच दिसले नसते, कारण शहरातल्या दुकानाने कडेच्या पट्टीवरून दोन नळ्यांतला रासायनिक गोंद फिरवून त्यावर चकचकीत फवारा मारला होता. वरची फट बुजली होती, आतला सांधा मात्र सुटलेलाच होता. तबली उचलल्याशिवाय इलाज नव्हता. जुन्या वाद्याची तबली उचलणे जोखमीचे असते, म्हणून मी त्या तरुणाला फोन करून स्वतः येऊन बसायला सांगितले.

आमचे जुने लोक सगळे सांधे सरसाने जोडत. सरस जनावरांच्या कातड्या-हाडांपासून उकळून काढतात. त्याला वास येतो, तो रोज गरम करावा लागतो, आणि पावसाळ्यात वाळायला फार वेळ घेतो, म्हणून नवी मुले त्याला कंटाळतात. पण त्याचा एक मोठा गुण आहे: ऊब आणि ओल दिली की तो सुटतो आणि पुढच्या दुरुस्त करणाऱ्याला आत जाऊ देतो. गरम पाण्यात पिळलेले फडके कडेवर ठेवायचे, थोडे थांबायचे, पातळ पाते सरकवायचे, पुन्हा फडके, पुन्हा पाते. जिथे जिथे जुना सरस होता तिथे तबली अशी सुटत गेली की लाकडाचा एक तंतूही उपटला नाही. रासायनिक गोंदाच्या वीतभर पट्ट्यात मात्र पाते शिरेना. तिथे खरवडून काढताना तबलीच्या कडेची चिरफळी गेलीच. ती मला नंतर जुन्या तुनाच्या लाकडाचा तुकडा बसवून भरून काढावी लागली. जे दुकान असा गोंद वापरते ते पुढच्या दुरुस्तीचा रस्ताच बंद करून ठेवते, आणि त्याचे बिलही घेते.

तबली बाजूला झाली, मी दिवा आत सोडला आणि काही वेळ बोललोच नाही. भोपळ्याला आतून भेग होती. काठाच्या चार बोटे खालून सुरू होऊन ती पोटाच्या दिशेने हातभर तिरकी उतरली होती. तिच्यावर आडव्या, जाड्याभरड्या सुती कापडाच्या, बहुधा खादीच्या, पट्ट्या सरसात भिजवून बसवल्या होत्या. पट्ट्या सारख्या रुंदीच्या होत्या आणि प्रत्येकीच्या कडेचे धागे मुद्दाम सोडवून विरळ केले होते. कापडाची घट्ट विणीची कड तशीच ठेवली असती तर तिथे कंगोरा तयार झाला असता आणि भोपळ्याचे कवच त्या रेषेवर अडून वाजले असते. धागे विरळ केल्यामुळे कापड कवचात मिसळून गेले होते. वरून बारीक भुसा आणि सरस यांचा हात फिरवलेला होता. बोट फिरवले तर पट्टी कुठे सुरू होते ते लागत नव्हते, फक्त दिव्यात तिचा रंग वेगळा दिसत होता. बाहेरून लाखेच्या पॉलिशखाली या भेगेचा मागमूसही नव्हता.

नंतरच्या कोणी दुरुस्त करणाऱ्याने हे केले असेल, असे मला आधी वाटले. पण सगळ्यांत वरची पट्टी गळ्याच्या लाकडाखाली गेलेली होती. गळा भोपळ्यावर बसतो तो वाद्य जोडताना, आणि हा सांधा पुढे कधी उघडलेला नव्हता. म्हणजे तंबोरा उभा राहण्याच्या आधीच भेग होती, कारागिराला ती माहीत होती, आणि माहीत असूनही त्याने तोच भोपळा घेतला.

तो तरुण माझ्या शेजारी वाकून पाहत होता. त्याने विचारले, “काका, म्हणजे आमच्या आजोबांना फुटका भोपळा विकला होता?”

मी म्हणालो, “फुटका नाही, सांधलेला. पण विकताना त्यांना ते सांगितले होते की नाही, हे मला माहीत नाही.”

याहून खरे उत्तर माझ्याकडे नव्हते, आणि त्याचे समाधान झाले नाही हे मला दिसत होते. त्याच्या घरात या तंबोऱ्याविषयी जो आदर होता, त्यात अशा भेगेला जागा नव्हती. माझा धाकटा भाऊ पलीकडे खुंट्या बसवत होता. तो तिथूनच म्हणाला की आज असा भोपळा आपण दारातूनच परत पाठवू. ते खरे आहे. निवडीचा नियम मी स्वतः तसाच पाळत आलो आहे.

हा नियम का आहे ते सांगायला हवे. तंबोऱ्याचा भोपळा खाण्याचा नसतो. तो कडू, जाड कवचाचा असतो आणि वेलीवरच पूर्ण पिकू द्यावा लागतो. मोठ्या तंबोऱ्याला लागणारा, 50 इंचांच्या पुढे घेर असलेला भोपळा आमच्याकडे मुख्यतः पंढरपूरच्या बाजूने येतो. तो महिनोन्महिने वाळवायचा, कापायचा, बिया व गर काढायचा, पाण्यात भिजवून मऊ करायचा आणि आत काठ्या अडकवून तोंड हवे तेवढे पसरायचे. यातल्या कोणत्याही टप्प्यावर तो तडकू शकतो. तडकलेला भोपळा तारांचा ताण किती वर्षे सोसेल याची खात्री देता येत नाही, म्हणून तो बाद. त्या भागात उसाने जमिनी व्यापल्या आहेत आणि एवढे दिवस वेल राखणारे शेतकरी कमी होत चालले आहेत, तरी नियम नियमच राहिला.

तो जुना कारागीर असे का वागला असेल, याचा मी तेव्हापासून विचार करतो आहे. तोंड पसरताना भोपळा तडकला असता तर भेग काठापासून सुरू झाली असती, आणि इतकी मेहनत वाया जाऊ नये म्हणून त्याने तो वाचवला असे म्हणता आले असते. पण ही भेग काठाला शिवतसुद्धा नाही. ती वाळताना किंवा गाडीतून आणताना पडलेली असणार, म्हणजे तो भोपळा त्याच्या हाती भेगेसकटच आला. मी बोटांच्या चिमटीत धरून कवचाची जाडी काठावर चहूबाजूंनी तपासली. ती सगळीकडे इतकी सारखी होती की असे कवच मी फार क्वचित पाहिले आहे. बैठकही गोल, कुठे चपटी नाही. माझा तर्क असा की त्याने भोपळा पेराने वाजवून पाहिला, आवाज ऐकला आणि भेगेपेक्षा आवाजाला जास्त किंमत दिली. भाऊ म्हणतो की त्या हंगामात दुसरा मिळाला नसेल, किंवा हा स्वस्त मिळाला असेल. दोन्ही शक्य आहेत. पण स्वस्त मालाची सोय लावणारा माणूस आतल्या पट्टीचे धागे विरळ करत बसत नाही, असे माझे मत आहे. ते काम कोणी पाहणार नव्हते आणि त्याचे वेगळे पैसेही मिळणार नव्हते.

सुटलेला भाग मी सरसानेच बसवला, सुतळीने आवळून बांधला आणि हवा दमट असल्यामुळे नेहमीपेक्षा जास्त दिवस तसाच ठेवला. पट्ट्यांना हात लावला नाही. त्यांतली एकही सुटलेली नव्हती. घोडी हाडाची नवी केली आणि जवारी काढायला मुद्दाम सकाळची शांत वेळ निवडली, कारण गल्लीत रंध्याचा आवाज सुरू झाला की खर्जाची आस शेवटपर्यंत ऐकता येत नाही. धागा जागेवर आला तेव्हा खर्जाच्या तारेतून आपोआप उमटणारा गंधार स्पष्ट निघाला. बिनभेगेच्या कितीतरी भोपळ्यांतून तो इतका स्वच्छ निघत नाही. त्या तरुणाने तंबोरा मांडीवर घेऊन बराच वेळ छेडला आणि त्याच सुरात षड्ज लावून पाहिला. नंतर भेगेबद्दल तो काही बोलला नाही. घरी सांगितले की नाही, हे मी विचारले नाही.

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, याचा मला आनंद आहे. दुसरीकडचा माल मिरजेच्या नावाने खपवणाऱ्यांना त्यामुळे थोडा तरी आळा बसेल. पण आता गिऱ्हाईक आल्याबरोबर प्रमाणपत्र विचारते, मग पॉलिशची चमक आणि कोरीव पाने पाहते, आणि कित्येकदा तार न छेडताच भाव ठरवू लागते. वाद्य कुठे झाले हे प्रमाणपत्र सांगते. तबलीच्या आत कोणी काय केले हे त्यावरून कळत नाही, आणि ते विचारणारा गिऱ्हाईकही मला अजून भेटलेला नाही. मोबाइलमधल्या तंबोऱ्याच्या आवाजाला ज्यांचे कान सरावले आहेत, त्यांना खर्जाची आस मध्येच तुटते हे ऐकूही येत नाही.

या हंगामाच्या भोपळ्यांत एक असा निघाला की ज्याचा आवाज फार चांगला आहे, पण बाजूला बोटभर भेग आहे. नेहमीप्रमाणे तो परत न करता मी ठेवून घेतला आहे. जुनी धुवट खादी मिळवली, पट्ट्यांचे धागे तसेच सोडवले आणि सरसात बसवल्या. तंबोरा उभा राहिला की वर्षभर तारा चढवून कारखान्यातच ठेवणार आणि ताणाखाली भेग सरकते का ते पाहणार. भावाचे म्हणणे असे की हे सांगून विकले तर कोणी घेणार नाही आणि न सांगता विकले तर आपले नाव जाईल, तेव्हा लाकूड आणि वेळ त्यात घालू नये. त्याच्या बोलण्यात तथ्य आहे आणि आमचा वाद अजून मिटलेला नाही. मी मात्र ठरवले आहे की तो विकायला काढला तर भेग कुठे आहे, किती आहे आणि कशाने सांधली आहे हे बिलावरच लिहायचे, आणि आधी खर्ज ऐकवून मगच बिल हातात द्यायचे.