आईचा अंगठा

"अगं, उघडलं!" बरणीचं झाकण हातात धरून आई बघतच राहिली.

तिच्या अंगठ्याच्या बुडाचा सांधा झिजलाय. फिजिओथेरपिस्ट ताई तो चिमटीत धरून हलकेच ओढतात, जेमतेम मिलिमीटरभर सरकवतात. एवढ्याने काय होणार? आज विचारलंच.

"झीज तशीच आहे हो. पण दुखणं कमी झालं की स्नायू मोकळेपणी आवळतात. ताकद होतीच, दुखण्याने अडवली होती." आणि घरचा व्यायाम सोडायचा नाही, हेही बजावलं.

एका हातात 27 हाडं. त्यातल्या एका सांध्यापायी बटण, किल्ली, पेन, सगळंच अडलं होतं. आई मात्र कित्येक महिने बरणी पुढे सरकवून "जरा उघड गं" एवढंच म्हणायची.

दुखतंय का, हे मी एकदाही का नाही विचारलं?