रेखांकित भाग

आमच्या वेळी शाळेतल्या मोठ्या लाकडी कंपासचा सांधा ढिला झाला होता. भूमितीच्या तासाला सर फळ्यावर वर्तुळ काढायचे, तेव्हा खडू फिरून येईपर्यंत सुरुवात आणि शेवट यांत बोटभर फट पडायची. माझे वडील सुतार. म्हणून एका शनिवारी सरांनी तो कंपास माझ्याबरोबर घरी पाठवला. वडिलांनी सांध्यात सागाची पातळ पाचर बसवली, बोल्ट बदलला आणि सोमवारी फळ्यावरचं वर्तुळ जुळलं. सरांनी लगेच त्याच केंद्रावरून आत एक लहान वर्तुळ काढलं, दोन त्रिज्या ओढल्या, मधल्या तुकड्यावर तिरक्या रेघा मारल्या आणि लिहिलं : रेखांकित भागाचे क्षेत्रफळ काढा.

आज मी जिने करतो. गोल वळणाच्या जिन्याची प्रत्येक पायरी म्हणजे सरांचा तो रेखांकित भाग, मोठ्या वर्तुळपाकळीतून लहान पाकळी वजा केलेली.

अशा जिन्याचं पहिलं काम मिळालं ते अर्ध्या वर्तुळाचं होतं. पंधरा पायऱ्या, म्हणजे प्रत्येकीला १२ अंश. आतली त्रिज्या ९०० मिलिमीटर, बाहेरची १९००. दहावीचं वर्तुळकंसाचं सूत्र मांडलं तर पायरी आतल्या टोकाला १८८ मिलिमीटर रुंद येते आणि बाहेरच्या टोकाला ३९८. चालणाऱ्याचं पाऊल साधारण मधे पडतं, तिथे २९३. पाऊल नीट मावतं हे लाकडाला हात लावण्याआधी कागदावरच कळलं.

पंधरा पायऱ्या हातानं एकसारख्या होत नाहीत. दोन सूत (एक सूत म्हणजे साधारण ३ मिलिमीटर) इकडेतिकडे झालं की पायऱ्यांच्या टोकांची वळणरेषा वेडीवाकडी दिसते. म्हणून १२ मिलिमीटर प्लायचा एकच फर्मा, म्हणजे पायरीच्या आकाराचा साचा, करायचा आणि राउटर, म्हणजे फिरत्या पात्यानं लाकूड कापणारं हातयंत्र, त्याच्या कडेनं फिरवायचा. राउटरच्या तळाला गाईड बुश, म्हणजे एक गोल कडं, बसवतात. फर्म्याला घासत जातो तो बुश, बिट, म्हणजे कापणारं पातं, त्याच्या मधोमध फिरतं. माझा बुश ३० मिलिमीटरचा, बिट १२ चं. फरक १८, त्याचा निम्मा ९. म्हणजे कापलेली पायरी फर्म्यापेक्षा सगळीकडून ९ मिलिमीटर मोठी निघते, म्हणून फर्मा तेवढा लहान ठेवायचा.

इथेच मी चुकलो. लहान करायचं म्हणून दोन्ही त्रिज्यांतून ९ वजा केले. बाहेरची १८९१ बरोबर होती. आतली मात्र ८९१ नव्हे, ९०९ हवी होती, कारण आतलं वर्तुळ वाढलं की रेखांकित भाग घटतो. त्या फर्म्यावरची पहिली पायरी आतल्या बाजूला १८ मिलिमीटर जास्त निघाली. नशिबानं लाकूड जास्तच राहिलं होतं, कमी पडलं नव्हतं. त्या रात्री सरांचा फळा डोळ्यांसमोर आणला आणि नवा फर्मा कापायला घेतला.

कंस आखायला दोरी वापरू नये, ती ताणली जाते. मी प्लायची लांब पट्टी घेतली, एका टोकाला खिळा, दुसऱ्या टोकाला राउटर. सरांचा कंपासच तो, फक्त खडूच्या जागी बिट.

पुढचं काम सबुरीचं. सागाची ४० मिलिमीटरची फळी आधी जिगसॉनं, म्हणजे बारीक पात्याच्या यांत्रिक करवतीनं, रेषेच्या एक सूत बाहेरून कापायची. फर्मा पायरीच्या खालच्या अंगाला स्क्रूनं बसवायचा, म्हणजे भोकं कुणाला दिसत नाहीत. कड आपल्याकडे असेल तर राउटर डावीकडून उजवीकडे न्यायचा. एका दमात खोल जायचं नाही, दोनतीन फेऱ्यांत अर्ध्या जाडीपर्यंत यायचं. मग फर्मा काढून फळी उलटायची आणि टोकाला बेअरिंग असलेलं बिट लावायचं. कापून झालेल्या कडेवर बेअरिंग चालतं आणि बिट उरलेलं लाकूड त्या कडेबरोबर कापून घेतं.

नव्या माणसाला मी एक गोष्ट बजावून सांगतो : आधी वक्र टोकं, मग सरळ बाजू. लाकडाचे धागे पायरीच्या लांबीनं धावतात, त्यामुळे टोकाला बिट धागे आडवे तोडतं आणि बाहेर पडताना कोपऱ्याची ढलपी काढतं. नंतर सरळ बाजू कापली की ती छोटी ढलपी त्यातच निघून जाते. उलट क्रमानं केलं तर तयार कोपरा फुटतो, आणि सागाची फळी पुन्हा आणावी लागते.

तो दुसरा फर्मा अजून माझ्या कामाच्या जागी टांगलेला आहे. त्यावर पेन्सिलीनं ९०९ आणि १८९१ लिहिलंय. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्तानं मी शाळेसाठी फळ्याचा नवा सागवानी कंपास करतो आहे, पितळी बोल्टचा. सोबत १२ अंशांची एक खरी पायरीही देणार आहे. दहावीच्या मुलांनी तिच्या वक्र टोकांवरून मोजटेप फिरवून १८८ आणि ३९८ येतात का ते स्वतः पाहावं.